पावसाळ्याआधी चाकाचं माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी उंच टायरच्या गाड्यांची छायाचित्रं आली होती. चिखल उडवत जाणाऱ्या जीपा, मडगार्डच्या बाहेर आलेली रुंद चाकं, चकचकीत अलॉय. छायाचित्रं सुरेखच होती. पण कोणत्या गाडीवर कोणत्या मापाचा टायर, किती रुंदीच्या रिमवर बसवला आहे, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. तेव्हापासून तेच पान मोबाइलवर दाखवत माणसं आमच्या दुकानात येतात. "ताई, असे टायर टाकून द्या, गाडी उठून दिसली पायजे." मृग तोंडावर आला आहे. आमच्या भागात या दिवसांत घातलेले टायर चार महिने चिखलात जाणार असतात, म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी पूर्ण छापावं अशी विनंती.

परतवाड्याला आमचं टायरचं दुकान आहे. बाबांनी जुन्या जीपच्या ट्यूबांना ठिगळं लावत ते उभं केलं, आता मी चालवते. दुकानाची जागा अशी की उत्तरेकडून मेळघाट उतरतो आणि दक्षिणेकडून काळी जमीन वर येते. चिखलदऱ्याचा घाट, सेमाडोह, हरिसाल, धारणीकडच्या गाड्या एका बाजूने; अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरकडच्या दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडचा चिखल वेगळा, दोन्हीकडच्या गाड्यांची दुखणी वेगळी. आणि दोन्हीकडच्या माणसांना विकले जाणारे टायर मात्र अलीकडे एकाच फॅशनचे.

आधी टायरवरच्या आकड्यांचं बोलते, कारण सगळा हिशेब तिथे आहे. साध्या बोलेरोवर २१५/७५ आर १५ हा टायर असतो. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि वर-खाली दोन भिंती धरल्या की पूर्ण चाकाची उंची येते ७०३ मिलिमीटर. ही बेरीज शाळेतलं पोरही करू शकतं आणि टायर घेण्याआधी ती केलीच पाहिजे. माझ्या मते मूळ चाकापेक्षा नव्या चाकाच्या उंचीत तीन टक्क्यांच्या वर फरक पडू देऊ नये. चार टक्क्यांपर्यंत गेलात तर मडगार्ड, ब्रेकची नळी, स्टिअरिंग सगळं तपासून मगच. २३५/७५ आर १५ घातला की उंची ७३३ होते, चार टक्क्यांहून थोडी जास्त. बऱ्याच गाड्यांवर तो खपतो. पण आता पोरं मागतात ३१ बाय साडेदहा, म्हणजे ३१ इंच उंच आणि साडेदहा इंच रुंद. तो कागदावर ७८७ मिलिमीटरचा आहे, मूळ चाकापेक्षा बारा टक्के उंच.

बारा टक्क्यांनी काय होतं ते सांगते. स्पीडोमीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी ६७ च्या वेगाने पळत असते. शंभर किलोमीटर गेलात तर मीटरवर ८९ च पडतात, आणि मग लोक माझ्याकडे येतात की गाडीचं अॅव्हरेज गेलं. काही अॅव्हरेज त्या मीटरमुळे गेलेलं दिसतं, काही खरंच जातं, कारण चाक जड झालेलं असतं. प्रत्येक गिअर बारा टक्क्यांनी लांब होतो. सपाट रस्त्यावर हे फारसं कळत नाही. आठ माणसं बसवून चिखलदऱ्याचा घाट चढताना कळतं. पहिल्या गिअरवर गाडी अडते, ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून धरतो आणि क्लचप्लेटचा वास सुटतो. उतारावर उलटं. जड आणि उंच चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, ब्रेक मात्र तेच. आणि एवढं करून गाडीच्या पोटाखाली जागा किती वाढते? उंचीच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे ४२ मिलिमीटर. तीन बोटं.

आता रिमचं. इथे सर्वांत जास्त फसवणूक होते, कारण टायर डोळ्यांना दिसतो आणि रिमची रुंदी कोणी मोजत नाही. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची एक मर्यादा ठरलेली असते. २१५/७५ आर १५ साधारण साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर नीट बसतो. ३१ बाय साडेदहाला सात ते नऊ इंचांची रिम लागते. म्हणजे कंपनीच्या मूळ सहा इंची लोखंडी रिमवर तो टायर घालायचाच नाही. चढतो, हे खरं. मशीनवर साबणाचं पाणी लावून कोणताही १५ चा टायर कोणत्याही १५ च्या रिमवर चढवता येतो. पण दोन्ही कडा जवळ ओढल्या गेल्यामुळे टायरचं पोट मध्ये फुगतं, रस्त्याला मधली पट्टीच लागते, ती आधी झिजते आणि बाजूची नक्षी नवीच्या नवी राहते. वळणावर गाडी चाकाच्या वर झुलते. चिखलात हवा कमी केली की टायरची कड, आम्ही तिला बीड म्हणतो, रिमवरून सुटायची भीती जास्त.

धारणीकडची अशी एक सवारी जीप माझ्याकडे आली होती. मोठ्या शहरातल्या एका दुकानातून चारही टायर घालून आणलेले. तिथे जोडीला रुंद रिमही दाखवल्या होत्या म्हणे, पण पैसे वाचवायला मालकाने जुन्याच रिमवर चढवून मागितले आणि दुकानदाराने चढवून दिले. घाटातल्या प्रत्येक आखूड वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळलं की टायरचा खांदा मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासत होता. पत्रा पातळ, कड धारदार. आतल्या बाजूने टायरच्या भिंतीवर सुरीने ओरखडा मारावा तशी गोल रेघ पडली होती आणि काही ठिकाणी आतले धागे दिसायला लागले होते. ड्रायव्हरला ते दिसत नव्हतं, कारण बाहेरून टायर कोरा करकरीत. त्या जीपमध्ये शाळेची मुलं आणि दवाखान्यात जाणारी माणसं बसतात. मी मालकाला फोन लावून सांगितलं की हे टायर मी पंक्चरसाठीसुद्धा परत चढवणार नाही. ते रागावले. मग येऊन त्यांनी स्वतःचा हात त्या रेघेवरून फिरवला आणि मूळ मापाचे टायर घेतले. पैसे दोनदा गेले त्यांचे, ह्याचं मला वाईट वाटतं, पण विकणाऱ्याने एक वाक्य आधी बोलायला हवं होतं.

दुसरी गोष्ट नटबोल्टची. बोलेरो, जिप्सी, जिमनी या तिन्हींच्या चाकाला पाच बोल्ट आणि त्या बोल्टांचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या जीपचं तेच साडेपाच इंच. घरी मोजायचं असेल तर शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत फूटपट्टी लावा. ८२ मिलिमीटर भरलं तर वर्तुळ १३९.७ चं आहे. ६७ भरलं तर ते ११४.३ चं, क्रेटा किंवा डस्टरचं. ते जीपला चालत नाही, कोणी कितीही "अडजस्ट होते" म्हणो. पण वर्तुळ जुळलं म्हणजे रिम जुळली असं लोक धरून चालतात, तिथे गाडी चुकते. मधल्या मोठ्या भोकात हब, म्हणजे गाडीचा चाक धरणारा मधला गोल भाग बसतो, ते भोक वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळं असतं. लहान असलं तर रिम बसतच नाही. मोठं असलं तर ती फक्त बोल्टांच्या भरवशावर राहते आणि मध्याला नीट बसली नसेल तर चाक थरथरतं. नटांचं तोंडही बघावं लागतं. निमुळत्या तोंडाचा नट, गोल तोंडाचा नट, सपाट वायसरचा नट, प्रत्येकाची रिममधली बैठक वेगळी. लोखंडी रिमचे नट अलॉयला तसेच लावले तर बैठक बसत नाही, नट सैल होतो. नवी रिम बसवली की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पाना लावून नट परत बघायचेच, हा आमच्या दुकानाचा नियम आहे.

आणि ऑफसेट. रिमच्या बरोबर मध्यावर रेघ धरली तर हबला टेकणारा भाग त्या रेघेच्या आत आहे की बाहेर आणि किती, ते ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा असा तो बहुधा कोरलेला असतो. जिप्सीवर दुसऱ्या गाडीच्या रुंद रिम टाकल्या की चाक बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, मालक खूश. पण चाक बाहेर आलं की गाडीचं वजन बेअरिंगवर तिरकं पडतं. बेअरिंग लवकर आवाज करायला लागतं, खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो, आणि मडगार्डच्या बाहेर गेलेलं चाक सगळा चिखल काचेवर आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर फेकतं. मध्ये जाड चकती, म्हणजे स्पेसर घालून चाक बाहेर काढतात त्याचंही हेच, वर बोल्टाला नटाचे आटे कमी मिळतात. मी स्पेसर विकत नाही आणि बसवूनही देत नाही.

आता चिखलाबद्दल, जे मला खरं सांगायचं आहे. मोठ्या टायरची सगळी जाहिरात चिखलाच्या नावाने चालते आणि आमच्या चिखलात नेमकं तेच उलटं पडतं.

दर्यापूर, अंजनगावकडची जमीन खोल काळी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर बोलायलाच नको, पाणी मुरता मुरत नाही. पाऊस पडला की ही माती फुगते आणि चाकाला धरते. धरते म्हणजे लागते एवढंच नाही. एका फेरीला एक थर, दुसऱ्या फेरीला त्यावर दुसरा, असं करत चाक जाड होत जातं. शेतकरी पावसाळ्यात मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढून घरी ठेवतो ते याचसाठी. आता जीपचा विचार करा. मूळ टायर आणि मडगार्ड यांच्यात कंपनीने जागा सोडलेली असते. उंच-रुंद टायर घालून ती जागा तुम्ही आधीच खाऊन टाकली. पांदण रस्त्याने शंभर-दोनशे फूट गेलात की माती टायर आणि पत्र्याच्या मध्ये ठासून भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. अंजनगावकडच्या एका शेतकऱ्याची गाडी अशी अडकली होती. इंजिन चालू, गिअर पडलेला, मागची चाकं जागेवर फिरताहेत आणि पुढची दोन्ही चाकं गच्च, स्टिअरिंगही वळेना. खुरप्याने माती कोरून काढली तेव्हा गाडी हलली. त्याच पांदणीतून शेजाऱ्याची मूळ मापाची जुनी गाडी रडतखडत का होईना, निघून गेली होती. म्हणून मी काळ्या जमिनीतल्या गिऱ्हाइकाला एकच कसोटी सांगते. टायर आणि मडगार्डच्या मध्ये, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून, आडवा पंजा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो टायर त्या गाडीचा नाही.

मेळघाटात मामला वेगळा. तिथे वर चिखलाचा थर, खाली मुरूम नाही तर दगड. अशा ठिकाणी थोडा अरुंद आणि उंच टायर चिखल कापून खालच्या टणक थराला जाऊन टेकतो आणि पकड मिळवतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो, घसरतो. आपली बंडी, म्हणजे बैलगाडी बघा ना, लोखंडी धाव लावलेलं उंच, अरुंद चाक नाल्याच्या चिखलातून तळ शोधत जातं. जुन्या जीपचा ६.००-१६ चा टायर असाच उंच आणि अरुंद होता आणि त्याच्यावर या डोंगरात वर्षानुवर्षं गाड्या चालल्या. जिमनीला कंपनीने १९५/८० आर १५ दिला आहे, तोही अरुंद आणि उंच भिंतीचा. लोक तो "सायकलचा टायर" म्हणून काढून टाकायला बघतात तेव्हा मी आधी त्यांना घाट आणि नाला फिरून यायला सांगते. खोल काळ्या चिखलात मात्र खाली टणक तळ लवकर सापडत नाही, तिथे थोड्या रुंद टायरचा फायदा असतो हेही खरं. पण तो फायदा टायर न बदलताही मिळतो, हवा कमी करून.

हवेचं सांगते. रोजची ३० पीएसआयच्या आसपासची हवा चिखलात २० पर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमिनीला लागणारा पट्टा लांब होतो, गाडी कमी रुतते. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, कड सुटते. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा. चार मोठ्या टायरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. उन्हाळ्यात उलटा गैरसमज आहे. ऊन तापलं की हवा कमी ठेवायची, असं आमच्याकडे जुनी माणसंही सांगतात. कमी हवेने टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, त्याने टायर जास्त तापतो, आणि ४५ अंशांच्या उन्हात डांबरावर फुटणारे टायर बहुतेक असे कमी हवेचे किंवा जास्त भाराचे असतात. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली तेवढी भरावी.

भाराचं नाव निघालं तर संत्र्याचं सांगायला हवं. टायरवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, १०० एस वगैरे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. १०५ म्हणजे ९२५, ११२ म्हणजे ११२०. अक्षर वेगाचं. बहाराच्या दिवसांत पिकअपला सस्ता म्हणून त्याच मापाचा पण साध्या सवारी गाडीचा टायर लावतात. माप तेच दिसतं, रिमवर बसतोही. पण मागच्या दोन टायरांची ताकद मिळून १६०० किलो, आणि दीड टन संत्रा अधिक गाडीचं स्वतःचं मागचं वजन त्याच्या वर जातं. पिकअपला एलटी लिहिलेला, भाराचा टायरच लागतो. कॅरेट भरलेली गाडी रात्रीच्या वेळी बाजार गाठायला पळते, टायर तापतो, भिंत फुटते. मालकाचा माल रस्त्यावर जातो आणि ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागतो. या एका आकड्याकडे बघा, एवढंच माझं पिकअपवाल्यांना हात जोडून सांगणं आहे.

जंगल सफारीच्या जिप्सीवाल्यांसाठी एक. पैसे पुरत नाहीत म्हणून मागचे दोनच टायर मोठे टाकू नका. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जिप्सींवर २०५/७० आर १५ असतो, ६६८ मिलिमीटर उंचीचा. मागे २१५/७५ घातला की चाकाच्या प्रत्येक फेरीला मागचं चाक पुढच्यापेक्षा अकरा सेंटिमीटर जास्त अंतर कापतं. टू-व्हीलवर ते चालून जातं. फोर-व्हील टाकलं की पुढचे-मागचे दोन्ही अॅक्सल एकमेकांना बांधले जातात, मग तो फरक कुठे जाणार? चिखलात चाक घसरून सुटका होते, पण टणक रस्त्यावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर, आणि जॉइंटवर येतो. चारही चाकं आणि स्टेपनी एकाच मापाची, शक्यतो एकाच कंपनीची आणि सारख्या झिजेची ठेवा. फोर-व्हीलच्या ट्रॅक्टरलाही हेच लागू, तिथे पुढच्या-मागच्या चाकांचं गणित कंपनीने जुळवून दिलेलं असतं. आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही ६.००-१६ असतो म्हणून तो जुन्या जीपला लावणारे लोक आहेत. त्याच्यावर ए६ किंवा ए८ लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटरपुरता तो बनलेला. शेतात ठीक. अमरावतीच्या रस्त्याला तो टायर घालून जाऊ नका.

थारवाले विचारतात की मोठी रिम बरी की मोठा टायर. थार २४५/७५ आर १६ वरही येते आणि २५५/६५ आर १८ वरही. दोन्हींच्या पूर्ण उंचीत दोनच टक्क्यांचा फरक आहे, पण १६ च्या चाकाला टायरची भिंत १८४ मिलिमीटर मिळते आणि १८ च्या चाकाला १६६. दगडाधोंड्यात रिम वाचवते ती ही भिंत. डोंगरात फिरणाऱ्याला मी १६ च्या बाजूने सांगते. २० इंची अलॉय आणि पातळ टायर घालून सिपना नदीच्या पात्रात उतरणाऱ्यांच्या वाकलेल्या रिम मी ठोकून देत नाही, कारण ठोकलेल्या अलॉयला आतून चीर गेली आहे की नाही हे माझ्या दुकानातल्या डोळ्यांना दिसत नाही.

नक्षीबद्दल थोडक्यात. एमटी, म्हणजे मोठ्या गुटक्यांचा चिखलाचा टायर, ओल्या डांबरी रस्त्यावर कमी रबर टेकवतो, आवाज करतो आणि ब्रेक लांब लागतो. परतवाडा-धारणी रस्त्यावर पावसात वळणामागून वळण येतं, आणि आमची माणसं वर्षातले बहुतेक दिवस डांबरावरच असतात. त्यांना एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींवर चालणारा टायर पुरे. ज्याचं रोजचं जाणं-येणं खरोखर कच्च्यातूनच आहे त्याने एमटी घ्यावा, मूळ मापात किंवा फार तर एक पायरी वर.

कायद्याचंही माहीत असावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला हीच जागा मिळते. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते, ते घेणं म्हणूनच सर्वांत निर्धोक.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुढच्या वेळी अशा गाड्यांची छायाचित्रं छापाल तेव्हा खाली मूळ टायरचं माप, नवं माप, रिमची रुंदी, ऑफसेट आणि भाराचा आकडा छापा. वाचणारी पोरं हुशार आहेत, आकडे दिले तर हिशेब करतात. दुसरी मागणी माझ्याच धंद्यातल्या लोकांकडे आहे आणि ती आपल्या पानातून पोचावी. बिलावर फक्त "टायर ४ नग" लिहू नका. माप, भार-वेगाचा आकडा आणि टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे लिहा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जातो, तो गिऱ्हाइकाला त्या चार आकड्यांवरून ओळखता येईल. रिम विकताना बोल्टांचं वर्तुळ, मधलं भोक आणि ऑफसेट लिहा. आम्ही लिहितो, दोन मिनिटं लागतात.

पावसाळा सुरू व्हायच्या आत कोणाला आपल्या गाडीच्या चाकांची मापं तपासून घ्यायची असतील तर परतवाड्याला दुकानात या. मापं काढून कागदावर लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही. येताना गाडीची आरसी आणा, आणि स्टेपनी नुसती लटकवून न आणता तिच्यात हवा भरून आणा, नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली, वेगळ्याच मापाची स्टेपनी बऱ्याच गाड्यांना निघते आणि ती बदलायची तर ती आताच.

आपली,
एक टायर दुकानदार
परतवाडा, ता. अचलपूर, जि. अमरावती